जिप्सीचा पाटा तुटल्यावर: कंपनीचा संच, बाजारचा संच की पाटेवाला?

मारुती जिप्सीच्या चारही चाकांवर पाटेच आहेत, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग. पुढे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड आडवा एक्सल, मागेही तसाच, आणि दोन्ही एक्सल पाट्यांच्या वर बांधलेले. 1985 साली गाडी आली तेव्हा ही रचना होती आणि जिप्सी किंग या नंतरच्या मॉडेलच्या शेवटच्या गाड्यांपर्यंत तीच राहिली. रचना साधी आहे, पण पाटा हा या गाडीचा नुसता स्प्रिंग नाही. एक्सल पुढेमागे सरकू न देणारा, आडवा हलू न देणारा आणि ब्रेक मारल्यावर त्याला गरकन फिरू न देणाराही तोच. कॉइलच्या गाडीत ही कामं वेगळे दांडे करतात. म्हणून जिप्सीचा पाटा तुटला की प्रश्न फक्त गचक्यांचा राहत नाही, गाडी सरळ चालण्याचाही होतो.

पाटा बदलायला आपल्याकडे तीन वाटा आहेत: कंपनीचा अख्खा संच, बाजारात मिळणारा तयार संच आणि गावोगावचे पाटेवाले, म्हणजे पाट्यांचं काम करणारी दुकानं. चौथी वाट परदेशी संचाची. तिच्याबद्दल पुढे थोडक्यात. निकाल आधीच सांगायचा तर, मेन पाटा, म्हणजे सगळ्यात वरचा लांब पाटा, तुटला असेल आणि संच जुना असेल तर त्या एक्सलचे दोन्ही बाजूंचे संच नवे घ्यावेत, आणि त्यातही कंपनीचा मिळत असेल तर तोच. खालचा एखादा आखूड पाटा तुटला असेल आणि बाकी संच ताजा असेल तर चांगल्या पाटेवाल्याचं काम पुरतं. जुने पाटे ठोकून पुन्हा कमान चढवून घेणं मात्र पैसे वाया घालवणं आहे. का, ते खाली येईलच.

तुटलंय नेमकं काय, हे खरेदीआधी बघा. गाडी एका बाजूला झुकली म्हणजे पाटा तुटलाच असं नाही. बसलेला (दबून कमान गेलेला) पाटा, फाटलेला बुश (सांध्यातलं अस्तर, बहुधा रबराचं), वाकलेला शॅकल (पाट्याचं एक टोक चॅसिसला जोडणारा हलता दुवा) यांनीही झुकते. सपाट फरशीवर गाडी उभी करा, टायरची हवा सारखी करा आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर चारही ठिकाणी टेपने मोजा. एकाच एक्सलवर डावीउजवीकडे दहा-बारा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर खाली वाकून शोधायला लागा. मग पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. जिप्सीचा व्हीलबेस 2375 मिलिमीटर आहे. एक बाजू कमी भरली तर एक्सल सरकलाय, म्हणजे सगळे पाटे मधल्या भोकातून एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटलाय किंवा मेन पाटा आयपाशी, म्हणजे टोकाच्या गोल वळवलेल्या डोळ्यापाशी, गेलाय. अशी गाडी मागून पाहिली की तिरकी धावताना दिसते. ती त्या अवस्थेत हायवेला काढू नये.

चीर शोधायला पाटे आधी वायर ब्रशने घासून घ्या. चिखल आणि गंजाच्या थराखाली तुटलेला पाटा महिनोन्‌महिने लपून राहतो, कारण पाट्यांना कवळणाऱ्या क्लिप त्याला जागेवर धरून ठेवतात. जागा ठरलेल्या आहेत. पहिली सेंटर बोल्टच्या भोकाची. दुसरी, पाटा एक्सलला आवळून धरणाऱ्या यू बोल्टच्या प्लेटचा काठ जिथे पाट्यावर टेकतो ती. तिसरी मेन पाट्याची आय जिथे वळायला सुरुवात होते ती. चौथी, खालच्या पाट्याचं टोक वरच्या पाट्यावर घासून जिथे खाच पडते ती. प्रत्येक जागेचं कारण वेगळं असतं, आणि ते न शोधता नवा संच बसवला तर तोही त्याच जागी तुटतो.

सेंटर बोल्टच्या भोकातून तुटला असेल तर बहुतेक वेळा यू बोल्ट ढिले होते. यू बोल्ट घट्ट असताना पाट्याचा मधला भाग वाकतच नाही, तो एक्सलशी एकजीव असतो. ते सैल पडले की मधला भागही वाकायला लागतो, आणि नेमकं तिथेच भोक असल्याने पाटा सगळ्यात कमजोर असतो. आयपाशी तुटला असेल तर शॅकल जाम झालेला किंवा बुश संपलेला सापडतो. प्लेटच्या काठाशी तुटला असेल तर ओव्हरलोड, मेलेले शॉकअप किंवा गायब झालेले बंप स्टॉप यांच्याकडे बघा. बंप स्टॉप हा रबराचा स्वस्तातला ठोकळा आहे, पण तो नसेल तर खड्ड्यात पाटा सरळ होऊन उलटा वाकतो.

तुटलेला तुकडा फेकून देऊ नका. तुटीचा अर्धा भाग काळपट-गंजलेला आणि उरलेला चकचकीत असेल तर चीर जुनी होती, हळूहळू वाढत गेली आणि शेवटी पाटा सुटला. म्हणजे हा थकव्याचा प्रकार. पूर्ण तूट ताजी, खडबडीत, दाणेदार दिसत असेल तर पाटा फार कडक तापवला गेला असावा किंवा एकाच जबर धक्क्याने गेला असावा. पाटेवाल्याने नुकताच बनवून दिलेला पाटा असा दाणेदार तुटला तर पुन्हा त्याच दुकानात जायचं कारण उरत नाही.

कंपनीचा संच

मारुती सुझुकी जेन्युइन पार्ट्सच्या खोक्यातून आलेला संच हा तिन्हींत सगळ्यात कमी डोकेदुखीचा. भोक जागेवर, आयचा व्यास बरोबर, डावाउजवा एकसारखा, आणि बसवल्यावर गाडी ज्या उंचीवर यायला हवी त्या उंचीवर येते. यातली खरी किंमत उष्णता-प्रक्रियेची आहे. स्प्रिंगचं पोलाद आधी लालबुंद तापवून तेलात विझवतात, मग पुन्हा मध्यम तापमानाला तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात, म्हणजे टेंपर करतात. नंतर पाट्याच्या ज्या बाजूवर ताण येतो त्या बाजूवर बारीक पोलादी छर्‍यांचा मारा करतात, म्हणजे पृष्ठभाग आतल्या आत दाबला जातो आणि चीर सहज सुरू होत नाही. शेवटी पाटा भाराच्या दिशेने एकदा जोरात दाबून ‘बसवून’ घेतात, जेणेकरून गाडीखाली गेल्यावर तो आणखी बसू नये. यातलं काहीही डोळ्यांना दिसत नाही, पण पाट्याचं आयुष्य यावरच ठरतं.

अडचण उपलब्धतेची. गाडी बंद झाल्यावर सगळे पार्ट सगळीकडे सारखे मिळत नाहीत. काउंटरवर गाडीचा चॅसिस नंबर द्या आणि त्यावरून पार्ट नंबर काढायला सांगा. ‘जिप्सीचा मागचा पाटा’ एवढं सांगून घेऊ नका. एमजी 410, किंग, सॉफ्ट टॉप, हार्ड टॉप यांत सगळे पाटे एकसारखे असतील असं धरून चालू नये. होलोग्राम आणि लेबल असलेली खोकी नकलीही फिरतात, त्यामुळे अधिकृत डिस्ट्रिब्युटरचं पक्कं बिल हवंच. काही ठिकाणी फक्त मेन पाटा सुटा मिळतो, अख्खा संच मिळत नाही. नवा मेन पाटा आणि खाली जुने दबलेले पाटे अशी जोडी बसवली तर कमानीतल्या फरकामुळे सगळा भार नव्या पाट्यावर येतो. गरजेपुरतं चालेल, कायमचं नाही.

बाजारचा तयार संच

इथे दर्जा इतका वरखाली आहे की एका वाक्यात बरा-वाईट म्हणता येत नाही. भारतात पाट्यांचे मोठे, नावाजलेले कारखाने आहेत; यमुनानगरची जमना ऑटो त्यांतली ठळक, पण तिचा भर ट्रक-बसवर. जिप्सीसाठी दुकानात जे मिळतं त्यात नावाचा संच, बिनानावाचा संच आणि दुसऱ्याच गाडीचा कापूनकुपून जुळवलेला संच असं सगळं असतं. म्हणून ब्रँडपेक्षा हातात आलेली वस्तू तपासणं जास्त उपयोगाचं.

जुना पाटा बरोबर न्या आणि बारीक माप घेणारा व्हर्नियर न्या. रुंदी, प्रत्येक पाट्याची जाडी, एका आयच्या मध्यापासून सेंटर बोल्टपर्यंतचं आणि तिथून दुसऱ्या आयपर्यंतचं अंतर, आयचा आतला व्यास, एवढं मोजा. सेंटर बोल्ट अगदी मधोमध असेलच असं नाही; दोन बाजूंत थोडा फरक असेल तर पाट्याला पुढची आणि मागची बाजू असते आणि उलटा बसला तर एक्सल तेवढा सरकतो.

जाडीकडे विशेष लक्ष द्या. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे 6 मिलिमीटरच्या जागी 7 मिलिमीटरचा पाटा आला तर तो एक मिलिमीटरने नव्हे, जवळजवळ 59 टक्क्यांनी कडक होतो. ‘जरा जाड दिलाय, मजबूत राहील’ असं काउंटरवाला म्हणतो तेव्हा तो रिकाम्या गाडीत तुमची कंबर मोडायची सोय करत असतो. शिवाय एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला मूळ जाडीचा असा संच बसला तर वळणावर गाडी दोन्हीकडे वेगवेगळी वागते.

मग भोकं बघा. ड्रिल किंवा पंच केलेलं भोक गोल, कडा स्वच्छ. गॅस कटरने पाडलेलं भोक वेडंवाकडं, कडेला निळसर-काळी झळ. असा पाटा फुकट मिळाला तरी घेऊ नये. झळ लागलेल्या पट्टीत पोलादाची सगळी प्रक्रिया उलटलेली असते आणि ही पट्टी नेमकी सगळ्यात नाजूक जागी आहे. टोकं गॅसने कापलेली असतील तर तेही तितकंच वाईट, फक्त टोकाला भार कमी असल्याने उशिरा कळतं.

कानस लावून बघा. व्यवस्थित टेंपर केलेल्या पाट्यावर चांगली कानस जेमतेम धरते, थोडासाच कीस निघतो. कानस साध्या लोखंडासारखी सहज खात असेल तर पाटा मऊ आहे, थोड्याच दिवसांत बसेल. काचेवरून सरकल्यासारखी नुसती घसरत असेल तर तो अति कडक आहे, एखाद्या खड्ड्यात तुटेल. ही काही प्रयोगशाळेची चाचणी नाही, पण अगदीच टाकाऊ माल दुकानातच ओळखायला पुरते.

शेवटची तपासणी बहुतेक लोक करतच नाहीत. सेंटर बोल्ट सैल करून पाटे सुटे एकमेकांवर ठेवले की मधोमध त्यांच्यात थोडी फट दिसली पाहिजे, कारण खालचा प्रत्येक आखूड पाटा वरच्यापेक्षा थोडा जास्त वाकडा असतो. बोल्ट आवळल्यावर ही फट मिटते आणि त्या ओढीने मेन पाट्यावरचा ताण कमी होतो. सगळे पाटे एकाच कमानीचे, एकमेकांवर सपाट बसणारे असतील तर मेन पाटा एकटाच राबतो आणि आधी तोच जातो. बाजारच्या स्वस्त संचांत ही चूक सर्रास दिसते.

पाटेवाला

महाराष्ट्रात कोणत्याही मालवाहतुकीच्या नाक्यावर, एसटी डेपोच्या आसपास किंवा मार्केट यार्डाच्या रस्त्याला पाटेवाला असतोच. मुख्य धंदा ट्रक, टेंपो आणि ट्रॅक्टर ट्रॉलीचा. जिप्सी त्याच्यासाठी किरकोळ गिऱ्हाईक. तरी काही कामं त्याच्याइतकी चोख कोणी करत नाही. गंजून अडकलेली आयची पिन भोकाला धक्का न लावता काढणं, क्लिप बदलणं, सेंटर बोल्ट नवा टाकणं, खालचा एखादा पाटा जुळवून देणं, हे तो तासाभरात करतो. गाडी सकाळी लवकर न्या. दुपारी ट्रक लागले की तुमची गाडी बाजूला पडते.

ज्या कामासाठी लोक त्याच्याकडे सगळ्यात जास्त जातात, ते म्हणजे बसलेल्या पाट्याला ठोकून पुन्हा कमान चढवणं, ते काम मात्र करून घेऊ नका. पाटा ऐरणीवर ठेवून घणाने वाकवला की कमान दिसायला छान येते, दोन दिवस गाडीही उंच दिसते. पण कारखान्यात पाटा भाराच्या दिशेने दाबून घेतलेला असतो, म्हणून त्याच्या वरच्या, खोलगट बाजूला आतला दाब शिल्लक राहतो आणि भार आल्यावर तो दाब मदतीला येतो. थंड ठोकून उलट दिशेने वाकवलं की त्याच बाजूला आतला ताण उरतो. मग गाडीचा भार आणि हा उरलेला ताण एकत्र येतात, पाटा लवकर बसतो किंवा घणाच्या खाचेतून चिरतो. भट्टीत लाल करून वाकवला तर आणखी वाईट, कारण मग मूळ टेंपरच गेला. तेलात विझवण्याची सोय आणि पुन्हा मोजून टेंपर करण्याची शिस्त फार थोड्या दुकानांत सापडते. पाणी मारून विझवणारा दिसला तर पाटे उचला आणि निघा.

तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग कोणत्याही परिस्थितीत नाही. गावापर्यंत पोहोचण्यापुरतंही नाही, कारण ते कधी सुटेल याचा अंदाजच बांधता येत नाही.

चांगल्या पाटेवाल्याची खूण म्हणजे तो नवीन पट्टी घेतो की भंगारातल्या ट्रकच्या पाट्यातून कापून देतो, हे विचारल्यावर सरळ उत्तर देतो. भंगारातली पट्टी आधीच लाखो धक्के खाऊन आलेली असते. मजुरी, पट्टी, बोल्ट आणि फिटिंग यांचे दर वेगवेगळे विचारा. ‘सगळं मिळून’ असा भाव सांगितला की स्वस्त यू बोल्ट त्यातच दडपले जातात.

बारीक सामान: इथेच काम फसतं

संच कंपनीचा असो की बाजारचा, सोबतचं बारीक सामान जुनं ठेवलं तर पैसे पाण्यात. यू बोल्ट नवेच. एकदा आवळलेला यू बोल्ट ताणलेला असतो, त्याचा आटा खेचलेला असतो, आणि गंजलेल्या आट्यावर टॉर्क रेंचचा (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याचा) आकडा खोटा येतो. स्थानिक दुकानात सळई वाकवून आटे पाडलेले यू बोल्ट मिळतात. बऱ्याचदा ते साध्या मऊ सळईचे असतात आणि आवळताना लांबत जातात. नट फिरतोय पण घट्ट होत नाहीये असं वाटलं तर तो बोल्ट लगेच बाजूला काढा.

सेंटर बोल्टचं डोकं गोल असतं आणि एक्सलच्या बैठकीतल्या भोकात ते नेमकं बसतं. एक्सल जागेवर धरायचं काम या डोक्याचं. त्याऐवजी हार्डवेअरच्या दुकानातला साधा षटकोनी बोल्ट टाकलेल्या गाड्या खूप दिसतात. त्याचं डोकं भोकात खेळतं, एक्सल पुढेमागे हलतो, बोल्ट कातरला जातो. जुन्या बोल्टच्या डोक्याचा व्यास मोजून तसाच घ्या.

बुश प्रत्येक संचाला सहा अर्धे लागतात: एका टोकाच्या आयला दोन, शॅकलकडच्या आयला दोन आणि चॅसिसच्या कानाला दोन. चारही पाटे करायचे तर चोवीस. एकाच बाजूचे बदलून भागत नाही. रबरी बुश रस्त्यावर सगळ्यात मऊ चालतात आणि रोजच्या गाडीला तेच बरे. त्यांना साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं; बसवताना साबणाचं पाणी पुरतं. पॉलियुरेथेनचे जास्त टिकतात, पण त्यांना सिलिकॉन ग्रीस लागतं, नाहीतर चर्रचर्र आवाज करतात. खरादावर कातलेले नायलॉनचे बुश ऑफ-रोडवाल्यांत लोकप्रिय आहेत. टिकाऊ आहेत हे खरं, पण ते पिळले जात नाहीत, त्यामुळे आडवा पीळ सगळा शॅकलवर आणि मेन पाट्याच्या आयवर जातो. एक चाक वर, एक खाली अशी खडकाळ वाट रोजची असेल तर नायलॉन नको.

शॅकलच्या पिनांवर बुशच्या जागी खाच पडली असेल तर पिनाही बदला. कोकणातल्या, किनाऱ्यावरच्या गाड्यांत त्या हमखास गंजलेल्या निघतात.

बसवणी

कामाच्या आदल्या दिवशी सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. मागच्या पाट्यापाशी पेट्रोलची टाकी आहे; अडकलेल्या बोल्टला गॅसची ज्योत लावण्याचा मोह तिथे टाळाच, हवं तर ग्राइंडरने डोकं कापा आणि ठिणग्यांसमोर ओलं पोतं धरा.

एका वेळी एकच बाजू. दोन्ही पाटे एकदम काढले तर एक्सल भरकटतो आणि परत जुळवताना घामटा निघतो. चाकांना ठोकळे, चॅसिसखाली पक्के स्टँड, एक्सलखाली वेगळा ट्रॉली जॅक. चाक काढा, शॉकअपचा खालचा नट सोडा. ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातोय का ते बघा. एक्सल कधीही त्या पाइपवर लटकता कामा नये. मग यू बोल्ट, खालची प्लेट, शॅकल आणि शेवटी दुसऱ्या टोकाचा बोल्ट. जिप्सीत पाटा एक्सलच्या खाली असल्याने प्लेट सुटताच तो खाली येतो. खाली हात किंवा पाय ठेवू नका, पाटा चांगलाच जड आहे.

नवा पाटा आधी पक्क्या टोकाला, मग शॅकलला, दोन्ही नट फक्त हाताने. पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या बाजूला, मागच्या पाट्याचं मागच्या बाजूला येतं. मग जॅकने एक्सल हळूहळू जुळवून सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात बसलं याची खात्री करा. आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा खाली घालून बघा. डोकं भोकाच्या काठावर टेकलेलं असताना यू बोल्ट आवळले तर ते सगळं घट्ट वाटतं, आणि पहिल्याच खड्ड्यात सुटतं.

यू बोल्टचे चारही नट समोरासमोरच्या तिरप्या जोडीने, टप्प्याटप्प्याने आवळा: आधी 30, मग 50, मग 70 न्यूटन-मीटर. या गाडीला 60 ते 80 ही मर्यादा आहे. इम्पॅक्ट गनने एका दमात आवळणारा मेकॅनिक असेल तर टॉर्क रेंच स्वतः घेऊन जा. चारही टोकांना नटाबाहेर आटे साधारण सारखे दिसले पाहिजेत.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आयचे आणि शॅकलचे नट गाडी हवेत असताना अंतिम आवळू नका. चाकं लावा, गाडी जमिनीवर उतरवा, चार-पाच वेळा दाबून उसळवा, आणि मगच ते नट आवळा. हवेत आवळले तर रबर लोंबत्या अवस्थेत धरलं जातं आणि गाडी खाली आल्यावर ते कायम पिळलेलं राहतं. सहा महिन्यांत बुश फाटले, ‘डुप्लिकेट होते’ अशी तक्रार बऱ्याच वेळा इथून जन्मते.

शॅकलचा कोन बघून ठेवा. गाडी जमिनीवर असताना ते थोडं बाहेरच्या बाजूला झुकलेलं हवं, कारण दाबला की पाटा लांब होतो आणि त्याला जायला जागा लागते. आतल्या बाजूला, चॅसिसखाली वळलेलं असेल तर पाट्याला कमान जास्त आहे किंवा लांबी चुकली आहे. चाक खूप खाली लोंबलं की असं शॅकल उलटं अडकून बसतं.

एक्स्ट्रा पाटा, उंची आणि सफारीच्या गाड्या

ताडोबासारख्या ठिकाणी सफारीच्या उघड्या जिप्सीत सहा पर्यटक, वाटाड्या आणि चालक बसतात. आठ माणसं म्हणजे साधारण पाचशे किलो, तेही जास्त करून मागच्या एक्सलवर, आणि सीट उंच. अशा गाडीला मागे एक जादा पाटा घालणं समजण्यासारखं आहे. पण तो मेन पाट्याच्या लगेच खाली लांब, नव्या पट्टीचा, बाकीच्यांशी जुळणाऱ्या कमानीचा हवा, आणि यू बोल्ट तेवढ्या जाडीने लांब घ्यावे लागतात. सगळ्यात खाली आखूड जाड तुकडा घातला की तो फक्त मधला भाग कडक करतो, आणि मेन पाटा त्या तुकड्याच्या टोकापाशी तुटतो. घरच्या गाडीला, जी बहुतेक वेळ दोन माणसांनी चालते, जादा पाटा घालू नये.

उंचीसाठी लांब शॅकल हा स्वस्त मार्ग अनेक दुकानं सुचवतात. पुढे शॅकल पुढच्या टोकाला असल्याने ते लांब केलं की एक्सल पुढे कलतो, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि गाडी हायवेवर भटकायला लागते. स्टिअरिंग सोडल्यावर सरळ येत नाही. एक्सल पाट्याखाली नेऊन उंची वाढवणं तर वेगळंच काम आहे, त्यात स्टिअरिंगचे दांडे, प्रॉपेलर शाफ्ट, ब्रेक पाइप सगळं बदलावं लागतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली कंपनीच्या मूळ तपशिलात असे बदल चालत नाहीत, हे पासिंगच्या वेळी आणि विम्याच्या दाव्याच्या वेळी नक्की आठवतं.

परदेशी संच, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या एआरबीच्या ओल्ड मॅन एमूसारखे, सुझुकीच्या याच कुळातल्या गाड्यांसाठी बनतात. दर्जा उत्तम, चाल मऊ. पण ते ठरावीक उंची आणि ठरावीक भार धरून विकले जातात, सोबत त्यांचेच शॉकअप घ्यावे लागतात, आणि आयात खर्चासह किंमत कंपनीच्या संचाच्या कैक पट जाते. मोहिमेची गाडी असेल तर विचार करावा. दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाणाऱ्या गाडीसाठी नाही.

बसवल्यावर

पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा, मग पाचशे किलोमीटरवर एकदा. नव्या पाट्यांचा रंग दबतो, बैठक घट्ट बसते आणि नट हमखास थोडे फिरतात. पाट्यांवरचा जाड रंग एक्सलच्या बैठकीत आणि प्लेटखाली बसवण्याआधीच खरवडून काढलात तर ही सैलावणी बरीच कमी होते. पहिल्या काही आठवड्यांत गाडी थोडी खाली बसेल. दोन्ही बाजू सारख्या बसल्या तर काळजी नाही, एकच बाजू बसली तर दुकानदाराकडे टेपची मापं आणि बिल घेऊन जा. म्हणून बसवल्याच्या दिवशीच चारही मापं बिलाच्या मागे लिहून ठेवा.

पुढचे पाटे बदलले असतील तर स्टिअरिंग व्हील सरळ येतंय का बघा आणि टो (पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप) तपासून घ्या. शॉकअप गळत असतील तर तेही याच वेळी, नाहीतर नवा पाटा प्रत्येक खड्ड्यानंतर पाच-सहा वेळा उसळत राहतो आणि तेवढा लवकर थकतो. दर पावसाळ्यानंतर पाटे धुऊन, टोकांना ग्रॅफाइट ग्रीस लावलं तर घासाची खाच उशिरा पडते. मात्र लाल मातीच्या, धुळीच्या वाटेवर रोज चालणाऱ्या गाडीला ग्रीस नको, त्यात धूळ चिकटून त्याचं पॉलिश पेपर होतं.

लांबच्या वाटेवर निघताना सोबत एक सेंटर बोल्ट, एक जोडी यू बोल्ट, दोन सी-क्लँप आणि कडक लाकडाचा एक ठोकळा ठेवा. मेन पाटा गेला तर ठोकळा एक्सल आणि बंप स्टॉपच्या मध्ये बसवून रॅचेटच्या पट्ट्याने करकचून बांधा, एक्सल पुढे-मागे सरकू नये म्हणून दुसरा पट्टा चॅसिसच्या कानाला घ्या, आणि वीस-पंचवीसच्या वेगाने जवळच्या पाटेवाल्यापर्यंत या. ब्रेक हळू, वळण रुंद, आणि मागे बसलेल्यांना दुसऱ्या गाडीत बसवा.